एक आकडा बदलताना चारशे ओळी का हलतात?

नाशिकच्या गोदाघाटाचा नकाशा एका केएमएल फाइलमध्ये लिहिलेला आहे असे समजा. रामकुंड, गांधी तलाव, नारोशंकराचे देऊळ, ज्याच्याकडे बघून नाशिककर पुराचा अंदाज बांधतात तो दुतोंड्या मारुती आणि पुढे तपोवन. प्रत्येक ठिकाणाचे नाव, थोडी माहिती आणि रेखांश-अक्षांश. सिंहस्थ तोंडावर आला की अशा फाइलवर चार-पाच जण एकाच वेळी काम करू लागतात. त्यातल्या एकाने तपोवनाच्या रेखांशातला एक आकडा टर्मिनलवर कमांड देऊन दुरुस्त केला. आकडा बरोबर बसला, नकाशाही नीट उघडला. पण फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये पाहिले तर फाइलच्या चारशेच्या चारशे ओळी बदललेल्या. आता दुसऱ्याने त्याच फाइलमध्ये केलेली दुरुस्ती जोडायची तर ओळीओळीला अडते, आणि तपासणाऱ्याला खरा बदल शोधूनही सापडत नाही.

केएमएल म्हणजे नकाशासाठी वापरले जाणारे एक्सएमएल, आणि एक्सएमएल म्हणजे टोकदार कंसांतल्या खुणांनी, म्हणजे टॅगनी, माहिती लिहिण्याची पद्धत. एक्सएमएल बदलणारी बहुतेक साधने मजकुरात हात घालून दुरुस्ती करत नाहीत. ती आधी सगळी फाइल वाचून तिचे झाड स्मृतीत उभे करतात, त्या झाडाची एक फांदी बदलतात आणि मग सगळी फाइल पहिल्यापासून नव्याने लिहून काढतात. मूळ फाइलमधले जे झाडात शिरलेच नाही, ते नव्या फाइलमध्ये उतरणार कुठून?

म्हणून झाडात काय शिरते हाच कळीचा प्रश्न आहे. एक्सएमएलची पहिली शिफारस, म्हणजे तिची अधिकृत नियमावली, फेब्रुवारी १९९८ मध्ये आली. तिच्या लेखी मोकळी जागा म्हणजे फक्त चार चिन्हे: स्पेस, टॅब आणि ओळ संपल्याची दोन चिन्हे. दोन टॅगच्या मध्ये असलेली प्रत्येक मोकळी जागा पार्सरने, म्हणजे फाइल वाचणाऱ्या भागाने, पुढे पोहोचवलीच पाहिजे, असा तिथे स्पष्ट नियम आहे. म्हणजे तुम्ही डावीकडे सोडलेला समास झाडात शिरतो. तो बिघडतो तो लिहिताना, कारण साधन आपल्या पद्धतीने इंडेंट करते. टर्मिनलवर एक्सएमएल बदलणाऱ्या एक्सएमएलस्टारलेट या साधनाच्या संपादन कमांडला उणे चिन्ह आणि कॅपिटल पी हा पर्याय दिला की हे थांबते आणि मूळ मांडणी राहते. निम्म्याहून अधिक गोंधळ एवढ्यानेच मिटतो, म्हणून हा पर्याय हाताला वळण लागेल इतका वापरावा.

टॅगच्या आत मात्र वेगळा न्याय आहे. तिथे नाव आणि मूल्य अशा जोड्या लिहितात, त्यांना अॅट्रिब्यूट म्हणतात. अॅट्रिब्यूट ओळीने एकाखाली एक नीट लावलेले असोत, अवतरणचिन्ह एकेरी असो की दुहेरी, रिकामा टॅग एका तुकड्यात लिहिलेला असो की दोन, यातले काहीच एक्सएमएलच्या माहितीचा भाग मानलेले नाही. अॅट्रिब्यूटचा क्रमही नाही. पार्सर हे सगळे वाचतो आणि सोडून देतो. इथे कॅपिटल पीचाही इलाज चालत नाही.

ओळीच्या शेवटाचेही असेच होते. विंडोजवर बनलेल्या फाइलमध्ये प्रत्येक ओळ दोन चिन्हांनी संपते. एक्सएमएलच्या शिफारशीतला नियम सांगतो की पार्सरने त्या दोन चिन्हांचे एक करावे. लिनक्सवर ती फाइल पुन्हा लिहिली की डोळ्यांना काहीच दिसत नाही, पण प्रत्येक ओळ बदललेली असते. गिटच्या डिफला, म्हणजे दोन प्रतींतला फरक दाखवणाऱ्या कमांडला, मोकळी जागा दुर्लक्षित करण्याचा पर्याय दिला तर हा गलका दिसेनासा होतो. पण तो फक्त बघण्यापुरता. फाइल बदललेलीच राहते.

मराठी फाइलींना आणखी एक जाच होतो, आणि तो मला सगळ्यात जास्त खटकतो. एक्सएमएलस्टारलेट ज्या लिबएक्सएमएल-२ या तयार कोडसंचावर उभे आहे, ते फाइलच्या पहिल्या ओळीत एन्कोडिंग, म्हणजे अक्षरे साठवण्याची पद्धत, घोषित नसेल तर लिहिताना अनेकदा देवनागरी अक्षरांच्या जागी आकडे घालते. रामकुंडातल्या ‘र’च्या जागी र अशा धाटणीचा संकेत येतो. नकाशात नाव ठीक दिसते, कारण संगणकाला दोन्ही सारखेच. पण उद्या कोणी ती फाइल उघडून दुतोंड्या मारुतीबद्दलची माहिती वाचायला गेले, तर समोर आकड्यांचे रान. आपली लिपी आपल्याच फाइलमध्ये वाचता येऊ नये, हे सोसण्यासारखे नाही. उपाय सोपा आहे: पहिल्या ओळीत एन्कोडिंग म्हणून यूटीएफ-८ लिहायला विसरू नका.

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या एलिमेंटट्री या एक्सएमएल हाताळणाऱ्या साधनाकडे वळलात तर सांभाळून. २०१९ च्या ३.८ आवृत्तीपूर्वी ते अॅट्रिब्यूट वर्णानुक्रमे लावून टाकत असे. फाइलमध्ये लिहिलेल्या टिपा (कॉमेंट) ते आजही वेगळे सांगितले नाही तर गाळते, आणि केएमएलच्या नामावकाशाची (टॅगची नावे कोणत्या संचातली आहेत हे सांगणारी ओळख) आधी नोंद केली नाही तर प्रत्येक टॅगपुढे एनएस-० चिकटवते.

एक्सएमएलस्टारलेटने एखादे ठिकाण काढून टाकले की तिथे रिकामी ओळ उरते. नवे घातले तर ते शेजारच्या टॅगला चिकटून बसते. समास हा झाडातला स्वतंत्र मजकूर असल्यामुळे तो टॅगबरोबर जातही नाही आणि येतही नाही.

सगळीकडून मोकळ्या जागा साफ करून टाकाव्यात, असेही नाही. केएमएलमध्ये रेखांश, स्वल्पविराम, अक्षांश अशी जोडी लिहितात: ७३.७९,२०.०० म्हणजे नाशिक. दोन जोड्यांच्या मध्ये मोकळी जागा लागते, पण एका जोडीच्या आत ती चालत नाही. वर्डच्या फाइलींत मजकुराच्या टोकाची स्पेस टिकावी म्हणून एक्सएमएल-स्पेस या अॅट्रिब्यूटला ‘प्रिझर्व्ह’ हे मूल्य दिलेले असते, तेही याच कारणाने.

मग अगदी एकच आकडा बदलायचा असेल तर? सेड हे मजकुरात शोधून बदल करणारे साधन ओळ धरून चालते, त्याला झाड कळत नाही. टॅग दोन ओळींत पसरला असेल तर ते काहीही न बोलता पुढे जाते, किंवा तसाच दुसरा आकडा बदलून टाकते. मला पटणारा मार्ग मधला आहे. शोधण्याचे काम पार्सरकडे द्यावे आणि कापण्याचे काम मजकुरावर करावे. जेम्स क्लार्क यांचा एक्स्पॅट हा पार्सर प्रत्येक घटक फाइलच्या कितव्या बाइटवर सुरू होतो हे सांगतो. तेवढी जागा हेरून फक्त ते बाइट बदलले, तर बाकीची फाइल अक्षरश: जशीच्या तशी राहते.

कोणताही मार्ग घ्या, तपासणी दोनदा करा. आधी जुन्या आणि नव्या फाइलचा साधा डिफ. मग एक्सएमएललिंट या तपासणीच्या साधनाकडून दोन्हींची प्रमाणित प्रत काढा. तिच्यात अॅट्रिब्यूटचा क्रम आणि अवतरणचिन्हे एकाच ठरलेल्या रूपात येतात, आणि आकडी संकेतांची पुन्हा अक्षरे होतात. त्या दोन प्रतींचा डिफ घ्या. दुसऱ्यात एकच ओळ आणि पहिल्यात चारशे दिसल्या, तर माहिती शाबूत आहे, फक्त साधनाने फाइल नव्याने मांडली आहे. अशी फाइल पुढे पाठवू नका. मूळ प्रत परत घ्या आणि वर सांगितल्याप्रमाणे फक्त हवे ते बाइट बदला. समास हलला असेल तर तो प्रमाणित प्रतींच्या डिफमध्येही दिसतो; तेव्हा कॅपिटल पी लावून पुन्हा चालवा.