हेलिकॉप्टर अपघात, इंजिनाची शक्ती घटल्याने होणारे

हलक्या, विशेषतः एकाच पिस्टन इंजिनावर चालणाऱ्या हेलिकॉप्टरमध्ये उड्डाण चालू असताना इंजिनाची शक्ती अंशतः वा पूर्णतः गेल्याने घडणारे अपघात. शक्ती गेली की यंत्र दगडासारखे कोसळते, हा समज बरोबर नाही. इंजिन मंदावताच एकदिश क्लच (शक्ती एकाच दिशेने पोहोचवणारी जोडणी) रोटरला, म्हणजे वरच्या फिरत्या पात्यांच्या संचाला, इंजिनापासून मोकळे करतो. वैमानिकाने कलेक्टिव्ह दांडा (सर्व पात्यांचा कोन एकदम बदलणारा) तत्काळ खाली नेऊन पात्यांचा कोन कमी केला, तर खालून येणाऱ्या हवेवर रोटर फिरत राहतो. यालाच ऑटोरोटेशन म्हणतात. पात्याचा मधला भाग हवेकडून ऊर्जा घेतो, टोकाकडचा ती खर्च करतो, तर बुंध्याजवळचा नुसता अडथळा करतो.

ऑटोरोटेशनच्या जनकत्वाविषयी एकमत नाही. स्पॅनिश अभियंते ह्वान दे ला सिएर्व्हा यांच्या सी.४ ऑटोजायरोचे (पुढे ओढणारे इंजिन आणि वर हवेच्या झोताने फिरणारा रोटर असलेल्या यानाचे) पहिले यशस्वी उड्डाण जानेवारी १९२३ मध्ये झाले. तारीख कोठे ९, तर कोठे १७ अशी आढळते. थोड्याच दिवसांत हवेत त्याचे इंजिन बंद पडले, तरी यान सुखरूप उतरले, असे सांगतात. काही लेखक अर्जेंटिनाचे पातेरास पेस्कारा यांना श्रेय देतात. तथापि ऑटोजायरोचा रोटर सदैव हवेवरच फिरतो. हेलिकॉप्टरमध्ये इंजिनावरून हवेवर येण्याचा क्षणच घातक असतो. हा भेद पाहता १० मे १९३७ रोजी जर्मनीच्या एफडब्ल्यू ६१ या हेलिकॉप्टरने इंजिन बंद ठेवून केलेले अवतरण हा हेलिकॉप्टरपुरता आरंभ मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

इंधन संपणे, त्यात पाणी मिसळणे आणि यांत्रिक बिघाड ही नेहमीची कारणे होत. कार्ब्युरेटरमधील (इंधन व हवा यांचे मिश्रण करणाऱ्या भागातील) बर्फ मात्र फसवा असतो. इंधनाच्या बाष्पीभवनाने आतील तापमान इतके उतरते की, हवा दमट असल्यास बाहेर २० अंश सेल्सिअसहून अधिक उष्मा असतानाही बर्फ धरतो. स्थिर कोनाचा पंखा असलेल्या विमानात इंजिनाचे फेरे घटून इशारा तरी मिळतो. हेलिकॉप्टरचा गव्हर्नर (फेरे स्थिर राखणारी यंत्रणा) थ्रॉटल, म्हणजे इंजिनाकडे जाणारे मिश्रण कमी-जास्त करणारी झडप, आपोआप उघडत नेऊन फेरे टिकवतो आणि दोष झाकतो. तपासनीस पोहोचेपर्यंत बर्फ वितळलेला असल्याने हा निष्कर्ष बहुधा इतर कारणे वगळूनच काढावा लागतो.

कमी उंची व कमी वेग एकत्र आल्यास ऑटोरोटेशनला अवकाश उरत नाही. हलक्या रोटरचे फेरेही झपाट्याने उतरतात. रॉबिन्सन आर२२ व आर४४ या हलक्या हेलिकॉप्टरांच्या वैमानिकांसाठी अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने १९९५ मध्ये विशेष प्रशिक्षणाचा नियम लागू केला; रोटरचे फेरे घटण्याचा धोका त्यात समाविष्ट आहे.