गळाची मासेमारी, नाशिक परिसरातील

काठी, रीळ व गळ वापरून हौसेने केली जाणारी गोड्या पाण्यातील मासेमारी. नाशिक जिल्ह्यात ती मुख्यतः गंगापूर (1965) व दारणा (1916) धरणांच्या जलाशयांवर आणि गोदावरी, दारणा, कादवा या नद्यांच्या डोहांवर चालते. जलाशय सहसा ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात. त्यांची परवानगी आधी घ्यावी. नांदूर मध्यमेश्वर (रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) हे अभयारण्य असल्याने वर्ज्य.

प्राचीनत्व : दख्खनमधील गळाच्या खेळाचे सर्वांत तपशीलवार जुने वर्णन कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथातील ‘मत्स्यविनोद’ या प्रकरणात आहे. काठी, दोर, आमिष आणि मासे आधी चारून जागेला लावणे यांची चर्चा त्यात येते. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी 1951 मध्ये या प्रकरणाचा अभ्यास प्रसिद्ध करताना ग्रंथाचा काळ 1127 दिला. नंतरच्या काही अभ्यासकांनी 1131 च्या सुमाराचा काळ धरला. ग्रंथातील गणितात शके 1051 आधाराला घेतले असल्याने 1129 च्या आसपासचा काळ अधिक ग्राह्य वाटतो. सिन्नरचे यादव तेव्हा चालुक्यांचे मांडलिक होते. तरीही हा दरबारी विनोद गोदाकाठीही रूढ होता, असे एवढ्यावरून म्हणता येत नाही. ग्रंथातील मत्स्यनामांची आजच्या जातींशी घातलेली सांगडही काही ठिकाणी अनुमानाचीच आहे.

हंगाम : रोहू, कटला व मृगळ पावसाळ्यात, साधारण जून ते ऑगस्ट, अंडी घालतात, या काळात गळ बंद ठेवणे इष्ट. पाणी निवळले की ऑक्टोबर-नोव्हेंबर चांगले जातात. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत हे कार्प कुळातील मासे खाणे कमी करतात. फेब्रुवारीअखेरपासून मेपर्यंत पुन्हा जोर येतो. कालव्याला आवर्तन सुटले की जलाशयाची पातळी उतरते आणि मासा उथळ काठ सोडतो. अशा वेळी कालच्या जागेवर बसून उपयोग नसतो.

साधने व पद्धत : रोहूसाठी 0.30 ते 0.35 मिमी जाडीची तंगूस (गळाची नायलॉन दोरी) पुरते. गाठ आवळण्यापूर्वी थुंकीने ओली करतात. कोरडी ओढल्यास घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन कमजोर होते आणि मोठा मासा नेमका गाठीपाशी तोडून जातो. रिळाचा ब्रेक तंगुशीच्या ताकदीच्या चौथाई ते तिसऱ्या हिश्श्यावर सैल ठेवावा.

आमिषासाठी कणीक, भाजलेले बेसन व शेंगदाण्याची पेंड घट्ट मळतात. गोळा सैल झाला तर तळाला पोचण्याआधीच विरघळतो. फार कडक झाला तर झटका देताना गळाचे टोक त्यातून बाहेर येत नाही आणि मासा सुटतो. गोळा दाबल्यावर बोटाचा ठसा राहावा, पण कडेला भेग पडू नये. रोहूचे तोंड खालच्या बाजूला वळलेले व ओठ मऊ, झालरीसारखे. तो आमिष चोखतो. म्हणून पहिल्या हलक्या थरथरीला ओढू नये, दोरी सरळ चालू लागली की मनगटाने हलका झटका द्यावा. जोरात ओढल्यास ओठ फाटतो. कटल्याचे तोंड वर वळलेले असल्याने त्याचे आमिष अधांतरी, मृगळाचे मात्र तळालाच ठेवतात.

मरळ (सापासारख्या डोक्याचा शिकारी मासा) हवेतून श्वास घेत असल्याने वेळोवेळी पृष्ठभागावर येते. गवताच्या कडेला बेडूक किंवा रबरी बेडूक ओढत तिला भुलवतात. तांबूस पिल्लांचा थवा दिसला, तर तेथे गळ टाकू नये. राखण करणारे आईबाप उचलले गेले की पिल्ले इतर माशांच्या तोंडी जातात.