तारा मॅग्नोलिया

तारा मॅग्नोलिया : (लॅटिन नाव मॅग्नोलिया स्टेलाटा, कुल मॅग्नोलिएसी, म्हणजे चंपक कुल). लहान अंगणात मावणारे, पानझडी आणि पालवी फुटण्याआधीच फुलांनी भरून जाणारे झुडूपवजा झाड. सोनचाफा व कवठी चाफा ही त्याची आपल्याकडची सख्खी भावंडे. देवळाच्या आवारातला पांढरा चाफा मात्र नावापुरताच चाफा. तो कण्हेरीच्या कुळातला, आणि हिरवा चाफा सीताफळाच्या. तारा मॅग्नोलियाच्या फुलाची ठेवण पाहिली की सोनचाफ्याशी असलेले नाते पटते.

हे झाड मूळचे जपानच्या तोकाई भागातले. आइची, गिफू व मिए या प्रांतांच्या बुटक्या टेकड्यांमध्ये, झऱ्याच्या पाझराने ओल्या राहणाऱ्या दलदलीच्या कडेला ते रानटी स्थितीत वाढते. तिथे त्याला ‘शिदे-कोबुशी’ म्हणतात. कोबुशी म्हणजे मूठ, हे जवळच्या एका मॅग्नोलियाचे नाव. आणि शिदे म्हणजे शिंतो देवळांत दोरीला लटकवतात त्या पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या. फुलाच्या लांब, ढिल्या पाकळ्यांना याहून नेमके नाव सुचणे अवघड. सीबोल्ट व त्सुक्कारीनी यांनी 1845 मध्ये या वनस्पतीचे शास्त्रीय वर्णन केले. 1872 मध्ये माक्सिमोव्हिच यांनी तिला मॅग्नोलिया प्रजातीत आणले. अमेरिकेत ती पोचवली जॉर्ज रॉजर्स हॉल या डॉक्टरने, 1862 मध्ये. आज युरोप-अमेरिकेतल्या असंख्य बागांत ती दिसते, पण मायदेशी वस्ती आणि रस्ते वाढत गेल्याने तिची रानातली ठाणी घटली असून तिची गणना संकटग्रस्त जातींत होते.

उंची बहुधा 3 ते 5 मीटर, पसाराही जवळपास तेवढाच. वाढ संथ. बुंध्यापासूनच अनेक खोडे निघतात. कळ्या आदल्या उन्हाळ्यातच धरतात आणि करड्या, मखमली लवेचे आवरण पांघरून हिवाळा काढतात; निष्पर्ण फांदीवरच्या या लवदार कळ्या फुलांइतक्याच देखण्या दिसतात. फूल 7 ते 10 सेंमी. रुंद, पांढरे किंवा फिकट गुलाबी, मंद सुवासाचे. पाकळ्या व निदले (पाकळ्यांखालची, बहुधा हिरवी दले) असा भेद नसतो. सारखीच दिसणारी 12 ते 18, क्वचित 30 पर्यंत परिदले असतात. मॅग्नोलियाचा वंश मधमाश्यांहून जुना, म्हणून परागण मुख्यतः भुंगेऱ्यांकडून होते.

लागवडीतली खरी अडचण फुलण्याच्या घाईत आहे. लाकूड उणे 30 अंश सेल्सिअसच्या आसपासची थंडीही सोसते, मिटलेली कळीही तग धरते. पण कळी एकदा सैल झाली की एका रात्रीच्या हिमतुषाराने सगळा बहर तपकिरी होऊन लोंबतो. त्यामुळे नवख्या माळ्याला सुचते त्याच्या नेमके उलटे करावे लागते. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडची, भिंतीच्या आडोशाची उबदार जागा या झाडाला घातक, कारण तिथे फेब्रुवारीतल्या चार उबदार दिवसांनी फसून कळ्या लवकर जाग्या होतात. घराच्या पूर्वेला किंवा उत्तरेला, वसंत जरा उशिरा पोचेल तिथे झाड लावले तर बहर वाचण्याची शक्यता वाढते. थंड हवा साचून राहते अशी खोलगट जागाही टाळावी. एवढे करूनही एखादे वर्ष वाया जाते. झाडाचे त्यात काही बिघडत नाही, पुढल्या वर्षी ते पुन्हा फुलते.

जमीन किंचित आम्लधर्मी, कुजलेल्या पानांनी सकस आणि ओल धरणारी हवी. रानात ते दलदलीच्या काठी वाढत असले, तरी तिथले पाणी झिरपते, वाहते. बागेतल्या चिकणमातीत तुंबलेले पाणी त्याला चालत नाही. मुळे मांसल, दोरीसारखी व उथळ असतात, खुरप्याने सहज तुटतात आणि सावकाश भरून येतात. म्हणून बुंध्याभोवती खणू नये. पालापाचोळ्याचे किंवा सालीच्या तुकड्यांचे आच्छादन घालावे, पण ते खोडाला टेकू देऊ नये. मोठे झाड हलवण्याच्या फंदात पडू नये. छाटणी लागलीच तर फुले गळताच करावी; शरद ऋतूत कात्री चालवली की पुढचा बहरच कापला जातो. खवले कीड लागल्यास पाने चिकट होऊन त्यांवर काळी बुरशी धरते.

उशिरा फुलणारे वाण निवडणे हाही एक उपाय. ‘रॉयल स्टार’ हा न्यू जर्सीतल्या रोपवाटिकेतून आलेला, भरगच्च परिदलांचा वाण यासाठी लोकप्रिय आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात फ्रान्सिस डी व्होस आणि विल्यम कोसार यांनी 1955-56 मध्ये तारा मॅग्नोलियाचा जांभळ्या फुलांच्या मॅग्नोलिया लिलिफ्लोराशी संकर केला. ॲन, बेटी, जेन, सुझन अशी मुलींची नावे मिळालेले हे आठ वाण आईबापांतल्या घाईखोरापेक्षा उशिरा फुलतात. कोबुशीशी झालेल्या संकरातून ‘लोबनेरी’ गट निघाला. त्यातला ‘लिओनार्ड मेसेल’ हा गुलाबी वाण सर्वांत नाजूक दिसणारा, पण थंडीला चांगला टिकणारा.

नवी रोपे उन्हाळ्याच्या सुरुवातीच्या कोवळ्या छाटांपासून किंवा दाब कलमाने करतात. बियांना आधी काही महिने ओलसर थंडी द्यावी लागते, आणि बीपासूनचे रोप वाणाचे गुण राखेलच असे नाही.

महाराष्ट्रातल्या हवेत या झाडाला लागणारी लांबलचक थंडी मिळत नाही. इथे कुंडीतला कवठी चाफा बरा. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी घरांना मात्र हे झाड ओळखीचे होते. तिथे ते साधारण मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला, म्हणजे बहुतेक वर्षी गुढीपाडव्याच्या आगेमागे फुलते.