गुण आला की फेर पडला?

वडोदऱ्याच्या रावपुऱ्यातल्या औषधाच्या दुकानात गिऱ्हाईक मराठी की गुजराती, हे काउंटरमागच्या माणसाला विचारावं लागत नाही. गुजराती बाईंना तो विचारतो, "फेर पड्यो?" आमच्या मावशीला विचारतो, "काकू, गुण आला का?" वडोदऱ्यात वाढलेल्या मराठी माणसाला दोन्ही प्रश्न एकच वाटतात. तसे ते नाहीत. फेर म्हणजे फरक: गोळी घेतली नसती तर जे झालं असतं, त्यापेक्षा वेगळं काय झालं? गुण म्हणजे बरं वाटलं, मग ते गोळीने वाटो, दिवस गेल्याने वाटो की डॉक्टरांनी दहा मिनिटं ऐकून घेतल्याने वाटो. नैराश्यावरच्या गोळ्या उपयोगी पडतात की नाही, यावरचं भांडण बऱ्याच अंशी या दोन शब्दांमधल्या फटीत अडकलेलं आहे.

सुरुवातीची हकिगत अनेकांनी ऐकलेली असते, म्हणून थोडक्यात. 1952 साली न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या क्षयरोग्यांना एक नवं औषध दिलं, तर अंथरुणाला खिळलेली माणसं हसू-बोलू लागली. 1956 साली स्वित्झर्लंडमध्ये इमिप्रामीन नावाचं औषध नैराश्याच्या रुग्णांना देऊन पाहिलं गेलं. तिसरा धागा आपल्याकडचा, सर्पगंधेचा. तिने रक्तदाब उतरतो असं भारतीय डॉक्टरांनी 1931 मध्येच लिहिलं होतं. 1949 साली मुंबईच्या एका हृदयरोगतज्ज्ञांनी 50 रुग्णांवरचा अनुभव ब्रिटिश नियतकालिकात छापला आणि ही मुळी जगभर गेली. तिच्यातलं रिसर्पिन घेणारे काही रुग्ण खिन्न होतात असं दिसलं. रिसर्पिनने प्राण्यांच्या मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं रसायन आणि त्याचे भाऊबंद कमी होतात हेही कळलं. या दोन गोष्टींची सांगड घालून 1965 च्या सुमारास "मेंदूतलं रसायन कमी पडतं" हे स्पष्टीकरण उभं राहिलं. त्याच रिसर्पिनने चिंताग्रस्त, उदास रुग्णांना आराम पडल्याचं 1955 च्या लंडनमधल्या चाचणीत दिसलं होतं, पण ते सोयीचं नव्हतं, म्हणून मागे पडलं. सेरोटोनिन कमी असल्याचा सुसंगत पुरावा नाही असं 2022 च्या एका मोठ्या आढाव्याने म्हटलं, तेव्हा अनेकांनी "म्हणजे गोळ्याही खोट्या" असा अर्थ काढला. तो बरोबर नाही. अ‍ॅस्पिरिन 1899 पासून विकली जात होती आणि ती नेमकं काय करते ते 1971 मध्ये कळलं. मधली बहात्तर वर्षं ते माहीत नसतानाही लोकांची डोकेदुखी तिने थांबतच होती.

आपल्या शहराचा यातला धागा कारखान्यांचा आहे. औषधाचा धंदा वडोदऱ्यात 1907 पासूनचा. जुन्या मराठी घरांतून कुणी ना कुणी पॅकिंगला, लॅबमध्ये नाहीतर एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी, म्हणून बॅग घेऊन फिरलेला सापडतो. 1970 च्या पेटंट कायद्याने औषधाला नव्हे, ते बनवण्याच्या रीतीला पेटंट दिलं. रीत बदला, तेच औषध बनवा. 2005 पर्यंत हे चाललं. वापीत 1983 साली मोजक्या मानसोपचाराच्या गोळ्यांवर सुरू झालेली एक कंपनी पुढे देशातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक झाली आणि तिचं संशोधन केंद्र वडोदऱ्यात आलं. अमेरिकेच्या बाजारात 1988 च्या जानेवारीत उतरलेली नैराश्यावरची गोळी फ्लुओक्सेटीन आपल्याकडे स्वस्तात मिळू लागली, त्यामागे हा कायदा आहे.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे गुण. या शब्दाचा आणखी एक अर्थ परीक्षेतला, आणि खरी गंमत तिथेच आहे. 1960 साली तयार झालेली नैराश्य मोजायची हॅमिल्टन मोजपट्टी आजही अनेक चाचण्यांत वापरली जाते. 17 बाबी, जास्तीत जास्त 52 गुण. जितके जास्त, तितका आजार गंभीर. पेपर रुग्ण लिहीत नाही, डॉक्टर त्याच्याशी बोलून भरतो. झोपेवर तीन प्रश्न आहेत: झोप लागायला उशीर होतो का, मध्ये मोडते का, पहाटे लवकर जाग येते का. प्रत्येकी दोन, म्हणजे झोपेचेच सहा गुण. अ‍ॅमिट्रिप्टिलिनसारखी गुंगी आणणारी गोळी माणसाच्या मनातलं ओझं तसूभर न हलवताही इथे गुण खाली आणू शकते. उलट फ्लुओक्सेटीनने सुरुवातीला काहींची झोप उडते, तिला तिथेच फटका बसतो.

2004 साली ब्रिटनमधल्या, उपचारांच्या मार्गदर्शिका काढणाऱ्या सरकारी संस्थेने ठरवलं की गोळी आणि प्लासिबो (तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी) यांच्यात हॅमिल्टनवर किमान 3 गुणांचा फरक पडला तरच तो रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचा मानायचा. तीनच का? समितीला तसं वाटलं. रुग्णांना विचारून, त्यांच्या आयुष्याशी ताडून हा आकडा आलेला नव्हता. तसा तो कुठल्यातरी मार्गदर्शिकेच्या पानात पडून राहिला असता. पण 2008 मध्ये एका गटाने, कंपन्यांनी अमेरिकी औषध नियामकाकडे दिलेल्या 35 चाचण्या आणि 5,133 रुग्णांची आकडेमोड छापली. गोळी घेणारे सरासरी 9.6 गुणांनी सुधारले, प्लासिबो घेणारे 7.8 गुणांनी. फरक 1.8. तीनपेक्षा कमी, म्हणून नापास. "नैराश्यावरच्या गोळ्या चालत नाहीत" अशा बातम्या जगभर झळकल्या.

माझ्या मते ही बातमी आकड्यांची नव्हती, उंबरठ्याची होती. समितीने दीड हा आकडा धरला असता तर त्याच अभ्यासाचं त्याच दिवशी उलटं शीर्षक झालं असतं. शिवाय 9.6 हा रुग्णाला दिसणारा गुण आणि 1.8 हा संख्याशास्त्रज्ञाला दिसणारा फेर. दवाखान्यातल्या माणसाला त्याच्या वाट्याचा 1.8 सुटा करून कुणीच दाखवू शकत नाही.

पण गोळीच्या बाजूने बोलणाऱ्यांनाही हा उंबरठा मोडून फार हाती लागलं नाही. 2013 मध्ये कुणीतरी हॅमिल्टनचे गुण आणि डॉक्टरांचं एकूण मत शेजारी ठेवून पाहिलं. तीन गुणांपर्यंतची घट झालेल्या रुग्णासमोर डॉक्टर साधारणपणे "बदल नाही" असंच लिहीत होते. "किंचित सुधारणा" म्हणायला सातेक गुण लागत. म्हणजे तीन हा आकडा कडक सोडाच, ढिलाच निघाला. त्यावरही उत्तर होतंच: एका माणसाच्या दोन तारखांमधला बदल वेगळा आणि दोन गटांच्या सरासरीतला फरक वेगळा. आपल्या विश्वामित्री नदीची वर्षभराची सरासरी पातळी सांगून 2019 च्या 31 जुलैला कुणाच्या घरात किती पाणी शिरलं ते कळत नाही. सरासरी 1.8 च्या पोटात काहींना दहा आणि बऱ्याच जणांना शून्य असू शकतं. बरीच वर्षं हा नुसता युक्तिवाद होता.

त्याला आकडे मिळाले 2022 मध्ये. अमेरिकी नियामकाकडे 1979 ते 2016 या काळात आलेल्या चाचण्यांमधल्या 73,388 जणांची एकेकाची माहिती तपासली गेली. सरासरी फरक पुन्हा 1.75, म्हणजे जुन्या वादातलाच. पण मोठी सुधारणा झालेले गोळीच्या गटात 24.5 टक्के होते, प्लासिबोच्या गटात 9.6 टक्के. अभ्यासकांचा हिशेब असा की शंभरातल्या साधारण पंधरा जणांना गोळीमुळे मोठा फेर पडतो. आजार जितका गंभीर, तितका गोळी आणि प्लासिबोमधला फरक वाढतो. ते पंधरा कोण, हे आधी ओळखायची सोय मात्र नाही. मला विचाराल तर या सगळ्या वादातलं सर्वांत प्रामाणिक वाक्य हेच.

लपवलेल्या चाचण्यांचं प्रकरणही 2008 चंच. बारा औषधांच्या, नियामकाकडे नोंदलेल्या 74 चाचण्यांपैकी 38 अनुकूल होत्या आणि त्यातल्या 37 छापून आल्या. प्रतिकूल किंवा शंकास्पद 36 होत्या. त्यातल्या 22 छापल्याच नाहीत आणि 11 अनुकूल वाटाव्यात अशा लिहून छापल्या. डॉक्टर नियतकालिकं वाचत होते तेव्हा त्यांना 94 टक्के चाचण्या यशस्वी दिसत होत्या. नियामकाच्या कपाटात ते प्रमाण 51 टक्के होतं. पुढे 2018 मध्ये 522 चाचण्या एकत्र करून 21 औषधं तपासली, तेव्हा शक्य तितका न छापलेला मजकूरही धरला गेला. सगळीच प्लासिबोपेक्षा सरस ठरली, पण सरशी बेताची. पंचविशीच्या आतल्यांना सुरुवातीच्या दिवसांत आत्महत्येच्या विचारांबद्दल जपावं लागतं, ही ठळक इशाऱ्याची चौकट अमेरिकेत 2004 मध्ये मुलांसाठी आली आणि 2007 मध्ये 24 वर्षांपर्यंत वाढली.

आपल्याकडच्या वास्तवाला सर्वांत जवळचा अभ्यास मला गोव्याचा वाटतो. 2003 मध्ये छापलेल्या त्या चाचणीत साध्या ओपीडीत येणाऱ्या 450 जणांना फ्लुओक्सेटीन, प्लासिबो किंवा समुपदेशन मिळालं. दोन महिन्यांनी फ्लुओक्सेटीन पुढे होती, बारा महिन्यांनी फरक उरला नव्हता, आणि समुपदेशन प्लासिबोच्या पुढे गेलं नाही. 2017 मध्ये गोव्यातच, डॉक्टर नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या माणसांनी सहा ते आठ बैठका घेतल्या, तेव्हा तीन महिन्यांनी 64 टक्क्यांचं नैराश्य ओसरलं. नुसत्या नेहमीच्या उपचारावर 39 टक्क्यांचं. ब्रिटनमध्ये गोळ्या फार दिल्या जातात यावर रकाने भरतात. इथे 2015-16 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात, ज्यात गुजरातही होता, नैराश्य असलेल्या शंभरातल्या 85 जणांपर्यंत कसलाच उपचार पोचला नव्हता.

आणि पोचतो तेव्हा काय पोचतं? मावशीला काका गेल्यानंतर फॅमिली डॉक्टरांनी दिली ती एस्सिटालोप्रॅम आणि क्लोनाझेपाम एकत्र असलेली गोळी. ही जोडगोळी आपल्याकडे सर्रास चालते. एस्सिटालोप्रॅम नैराश्यावरची, तिला असर दाखवायला दोन ते चार आठवडे लागतात. क्लोनाझेपाम त्याच रात्री झोपवते. मावशीने तिसऱ्याच दिवशी "गुण आला" म्हणून फोन केला. दुकानदार दहाची स्ट्रिप कात्रीने कापून पाच देतो, तेव्हा तिच्या अर्ध्यावर मागच्या बाजूला "...नाझेपाम" एवढंच उरतं. औषधाचं नाव विचारलं की ती तेच वाचून दाखवायची. हॅमिल्टनच्या पट्टीवर तिचे झोपेचे सगळे गुण उतरले असते.

गोळी सोडण्याचा प्रश्न इतिहासात सर्वांत उशिरा आला. सोडताना होणारा त्रास सौम्य आणि आठवडा-दोन आठवड्यांचा, असं ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञांची संघटना सांगायची. 2019 मध्ये तिने काहींना तो तीव्र आणि लांबणारा असतो हे मान्य केलं. 2021 च्या एका चाचणीत दीर्घकाळ गोळी घेणारे 478 जण होते. वर्षभरात गोळी चालू ठेवलेल्यांपैकी 39 टक्क्यांचा आणि हळूहळू बंद केलेल्यांपैकी 56 टक्क्यांचा आजार उलटला. गोळी टिकवून धरते, असं एक बाजू म्हणते. त्या 56 मध्ये आजार किती आणि सुटण्याचा त्रास किती, असं दुसरी विचारते. मावशीच्या बाबतीत तर एका गोळीत दोन औषधं, दोन्ही एकदम सुटलेली.

तिची स्ट्रिप संपली ती उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आदल्या रात्री. चौदा आणि पंधरा जानेवारी दुकान बंद. दांडिया बाजारातलं सगळं घर गच्चीवर पतंग उडवत, "काप्यो छे"च्या आरोळ्यांत. ती खालच्या खोलीत पडून होती. मान वळवली की डोक्यात करंट लागल्यासारखं होतं म्हणत होती, मध्येच रडत होती, रात्रभर जागी. घरातल्यांनी निदान केलं: आजार परत आला. सोळाला सकाळी दुकान उघडलं. नवी स्ट्रिप कापताना दुकानदाराने सवयीने विचारलं, "काकू, गुण आहे ना?"

"आहे बाबा," मावशी म्हणाली. "दोन दिवस नव्हता."