पाठीवरची करंजी

करंजी करताना पारीच्या कडा उचलून एकमेकींना चिकटवायच्या आणि वर मुरड घालायची, हे ज्याला जमलं त्याला सॅलॅमँडरचा (बेडकाच्या या शेपटीवाल्या, सरड्यासारख्या दिसणाऱ्या भाऊबंदाचा) मेंदू कसा घडतो ते निम्मं कळलं. जेमतेम दोन मिलिमीटरच्या अंड्यात, गर्भाच्या पाठीवर, पेशींचा एक सपाट थर जाड होतो. त्याच्या कडा उचलतात, मधे पन्हळ पडते, कडा जुळतात आणि नळी तयार होते. पुढचं टोक फुगून मेंदू होतो, उरलेल्या भागाचा मज्जारज्जू. सारण नसतं, पोकळीत फक्त द्रव. आणि मुरडीच्या जागच्या पेशी? त्या चक्क घर सोडून निघतात. कुणी कातडीतल्या रंगपेशी होतात, कुणी जबड्याची कूर्चा.

सह्याद्रीत बेडूक उदंड, पण सॅलॅमँडर नाही. तो बघायला दार्जिलिंगकडे जावं लागतं.

पण गर्भाच्या पाठीवरचा तो थर तर कातडीही होऊ शकला असता. मग त्याला मेंदू व्हायला सांगतं कोण? जर्मनीत फ्रायबुर्गला हान्स श्पेमान यांची विद्यार्थिनी हिल्डे मांगोल्ड हिने फिकट रंगाच्या न्यूटच्या (हाही सॅलॅमँडरच) गर्भातला, पेशी जिथून आत वळतात त्या फटीच्या वरच्या ओठाचा इवलासा तुकडा काढला आणि गडद जातीच्या गर्भाच्या पोटाच्या बाजूला बसवला. तिथे दुसरी मज्जानळी उगवली, एका गर्भाला दुसरा चिकटल्यासारखी. खरी गंमत रंगात होती: ही नळी बहुतांशी गडद, म्हणजे यजमानाच्याच पेशींची! पाहुण्याने स्वतः फारसं काही बांधलं नव्हतं, शेजाऱ्यांना कामाला लावलं होतं. शोधनिबंध १९२४ साली छापून आला. त्याच वर्षी स्वयंपाकघरातल्या शेगडीच्या स्फोटात भाजून हिल्डे गेली. श्पेमान यांना १९३५ साली नोबेल मिळालं.

तो तुकडा नेमकं काय सांगतो, हे कळायला पुढे कित्येक दशकं गेली. आणि उत्तर उलटंच निघालं. उभयचरांच्या गर्भातल्या त्या थरातल्या पेशी सुट्या करून ठेवल्या तर त्या आपसूकच मज्जापेशींच्या वाटेला लागतात. एकत्र असताना बीएमपी नावाची प्रथिनं त्यांना ‘कातडी व्हा’ म्हणून दामटत असतात. ओठाचा तुकडा हुकूम सोडत नाही, तो या दामटणाऱ्यांचं तोंड बंद करतो. त्यासाठी तो जी प्रथिनं सोडतो त्यांतलं एक, नॉगिन, १९९२ साली बेडकात सापडलं. इंग्रजी बोलीत नॉगिन म्हणजे डोकं. ते जास्त झालं की गर्भाचं डोकंच मोठं होतं, म्हणून हे नाव.

या गोष्टीचा पुण्याशीही संबंध आहे. आघारकर संशोधन संस्थेत हायड्रावर काम चालतं. मेंदू नाही, मज्जारज्जू नाही, नुसतं चेतापेशींचं जाळं असलेला हा गोड्या पाण्यातला जीव. त्याच्याही अंगात नॉगिनचं जनुक आहे, हे इथल्या संशोधकांनी जपानी सहकाऱ्यांबरोबर २०१० साली दाखवलं. त्यांनी हायड्राच्या त्या जनुकाचा संदेश बेडकाच्या गर्भात टोचला, आणि बेडकाच्या पेशींना तो समजला.