कार्ब्युरेटर सिंक (मोटारसायकल)

एकापेक्षा जास्त कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारे भाग) असलेल्या मोटारसायकलमध्ये प्रत्येक सिलिंडरला सारखीच हवा मिळावी म्हणून त्यांचे थ्रॉटल (मूठ पिळली की हवेची वाट उघडणारे भाग) एकमेकांशी जुळवून घेण्याचे काम म्हणजे कार्ब्युरेटर सिंक. सोलापूरच्या गॅरेजांत ‘दोन्ही कार्बोरेटर एकसारखे लावून दे’ असे सांगितले की हेच काम अभिप्रेत असते. नेहमीच्या ट्यूनिंगपेक्षा ते वेगळे आहे. ट्यूनिंगमध्ये हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण ठरते, तर सिंकमध्ये दोन सिलिंडरांत जाणाऱ्या हवेची बरोबरी साधली जाते. या दोन कामांची गल्लत झाली की मेस्त्री मिश्रणाचा एअर स्क्रू फिरवत बसतो आणि दोष मात्र केबलमध्ये राहून जातो.

शहरातल्या बहुतेक दुचाकींना हे काम कधीच लागत नाही. स्प्लेंडर असो, पल्सर असो वा जुनी बुलेट, सिलिंडर एक आणि कार्ब्युरेटरही एकच. मग जुळवायचे कशाशी? भारतात हा विषय मुख्यतः राजदूत 350 मुळे गॅरेजांत आला. यामाहाच्या आरडी 350 वर आधारलेली ही 347 सीसीची दोन सिलिंडरांची टू-स्ट्रोक गाडी एस्कॉर्ट्स कंपनीने 1983 मध्ये बाजारात आणली. तिला दोन कार्ब्युरेटर आणि दोन सायलेन्सर. मुठीतून निघालेली ॲक्सिलरेटर केबल टाकीखाली फुटते : दोन फाटे दोन कार्ब्युरेटरांना आणि तिसरा इंजिनला वंगणाचे तेल पुरवणाऱ्या ऑइल पंपाला. जगभरात हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर आला तो 1969 च्या होंडा सीबी 750 पासून. तिच्या चार सिलिंडरांना चार कार्ब्युरेटर होते. सुरुवातीच्या गाड्यांत एका केबलच्या चार केबली केलेल्या होत्या. पुढे चारही थ्रॉटल एका सामाईक दांड्याने उचलण्याची रचना आली आणि जुळवणी पुष्कळ सोपी झाली.

सिंक बिघडल्याचे सगळ्यात जास्त कुठे जाणवते, हे समजले की त्यामागचे कारणही उलगडते. स्लाइड कार्ब्युरेटरची (ज्यात थ्रॉटल म्हणून वरखाली सरकणारी स्लाइड असते) नळी 28 मिमी व्यासाची आहे आणि स्लो रेसवर, म्हणजे मूठ सोडलेली असताना, स्लाइड 1 मिमी उचललेली आहे असे धरू. दोन केबलींत 0.2 मिमीचा फरक पडला, तर या अवस्थेत एका सिलिंडरची स्लाइड दुसऱ्यापेक्षा पाचव्या हिश्शाने जास्त उचललेली राहते. एक सिलिंडर गाडी ओढतो आणि दुसरा अर्धवट जळत त्याच्या मागे फरफटतो. पूर्ण रेस दिल्यावर हाच 0.2 मिमीचा फरक 28 मिमीच्या मानाने एक टक्काही उरत नाही. म्हणून पुणे महामार्गावर गाडी तक्रार करत नाही, पण नवी पेठेतल्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर हळू चालवताना झटके देते, सिग्नलला थांबली की हँडल थरथरते, क्लचच्या बाजूने खडखडाट येतो. दोन्ही प्लग काढून शेजारी ठेवले तर एक काळपट आणि दुसरा फिका दिसतो. मायलेजही घसरते. मालक बहुधा याचा दोष पेट्रोलला देतो.

सिंक हे सर्वांत शेवटी करायचे काम आहे, आणि या क्रमाबाबत तडजोड करू नये. आधी दोन्ही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन, प्लग, पॉइंट किंवा इग्निशन टायमिंग, फोर-स्ट्रोक गाडी असेल तर टॅपेट (व्हॉल्व्हची फट), जेटची सफाई, फ्लोटची पातळी आणि एअर फिल्टर पाहून घ्यावे. कार्ब्युरेटर आणि सिलिंडर यांच्यामधल्या रबरी मॅनिफोल्डला बारीक तडे गेले असतील तर त्यातून आत येणारी हवा कोणत्याच स्क्रूने आवरत नाही. कमी कॉम्प्रेशनच्या सिलिंडरला सिंक करून सावरून घेतले की गाडी काही दिवस बरी चालल्यासारखी वाटते आणि खरा आजार झाकला जातो.

राजदूत 350 सारख्या स्लाइडच्या गाडीत निम्मे काम इंजिन बंद ठेवूनच होते. एअर फिल्टर उतरवून, केबली सैल करून दोन्ही स्लाइडांखाली एकाच मापाच्या ड्रिल बिटची गुळगुळीत मागची बाजू सरकवतात आणि रेसच्या स्क्रूने दोन्हींची उंची सारखी करतात. मग केबलीचा ढिलेपणा असा लावतात की मूठ हलवताच दोन्ही स्लाइड एकाच क्षणी जागा सोडतील. लहान आरसा धरून हे दिसते. एकेका स्लाइडखाली बोट ठेवूनही अंदाज येतो, मात्र इंजिन चालू असताना बोट आत घालणे धोक्याचे आहे. यानंतर गाडी सुरू करून दोन्ही सायलेन्सरांच्या मागे तळहात धरायचा आणि येणाऱ्या धक्क्यांचा जोर ताडून पाहायचा. अनुभवी मेस्त्री यावरून उरलासुरला फरक काढतो.

इथेच काम संपले असे समजून गाडी मालकाच्या हवाली केली जाते, आणि ते घातक आहे. कार्ब्युरेटरची केबल हलवली की तिसऱ्या फाट्यावरचा ऑइल पंप आणि मूठ यांचा मेळही बदललेला असू शकतो. पंपावरची खूण जागेवर आली की नाही हे पाहिलेच पाहिजे. पंप मागे राहिला तर इंजिनला तेल कमी पडते, आणि सोलापूरच्या मे महिन्यात, पारा 40 अंशांच्या वर गेलेला असताना, एअर-कूल्ड टू-स्ट्रोकचा पिस्टन जाम व्हायला तेवढे कारण पुरेसे आहे.

स्लाइडऐवजी बटरफ्लाय (फिरणारी गोल झडप) असलेल्या फोर-स्ट्रोक कार्ब्युरेटरांना व्हॅक्यूम गेज, म्हणजे इंजिनाची ओढ मोजणारे यंत्र, लागतो. प्रत्येक इनटेकवर लहान तोटी असते. तिची टोपी काढून गेजच्या नळ्या जोडतात. इंजिन आधी पूर्ण गरम करून घेतात. टाकी उतरवावी लागते, म्हणून पेट्रोल वर टांगलेल्या लहान बाटलीतून देतात. दोन कार्ब्युरेटरांमध्ये एकच सिंक स्क्रू असतो. चार कार्ब्युरेटर असतील तर साधारणपणे आधी पहिला-दुसरा, मग तिसरा-चौथा आणि शेवटी मधल्या स्क्रूने या दोन जोड्या एकमेकींशी जुळवतात. दर वेळी मूठ थोडी पिळून सोडायची, काटे स्थिर होऊ द्यायचे आणि मगच वाचन घ्यायचे. बऱ्याच जपानी गाड्यांत सिलिंडरांमधला ओढीचा फरक 2 सेंमी पाऱ्याच्या (पाऱ्याच्या स्तंभाच्या उंचीने मोजलेल्या) आत असावा अशी मर्यादा दिलेली असते. गेज वापरण्यापूर्वी सगळे काटे एकाच तोटीवर आळीपाळीने लावून पाहावेत; दोन गेज मुळातच वेगळे आकडे दाखवत असतील तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

दोन कार्ब्युरेटरांसाठी घरगुती साधनही चांगले चालते : पारदर्शक नळीचा लांब ‘यू’, त्यात थोडे टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचे) ऑइल, आणि दोन टोके दोन तोट्यांना. ज्या बाजूची ओढ जास्त, तिकडे तेल चढते. 2 सेंमी पाऱ्याचा फरक इथे सुमारे 30 सेंमी तेलाचा दिसतो, म्हणजे बारीक फरकही लपत नाही. तोटा हा की फरक मोठा असेल तर तेल थेट इंजिनात ओढले जाते. म्हणून नळी पुरेशी उंच ठेवतात आणि आधी नजरेने जुळवणी करून घेतात. पाऱ्याच्या जुन्या काचनळ्या अचूक असल्या तरी वापरू नयेत. त्या फुटल्या तर गॅरेजात विषारी वाफ राहते.

उभ्या गाडीचे इंजिन चालू ठेवून हे काम चालते, त्यामुळे इंजिनासमोर पंखा हवा आणि शटर उघडे हवे. धुरातला कार्बन मोनॉक्साइड डोळ्यांना दिसत नाही आणि नाकाला कळत नाही.

सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे 450 मीटर उंचीवर आहे; इथला हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा साधारण 5 टक्क्यांनी कमी. उंची आणि उन्हाळा यांमुळे मिश्रण किंचित रिच होते, म्हणजे त्यात पेट्रोलचे प्रमाण वाढते, पण सिंक त्याने बिघडत नाही, कारण दोन्ही कार्ब्युरेटर तीच हवा घेतात. गेजवरचा आकडा मुंबईच्या मेस्त्रीला मिळतो त्याहून थोडा वेगळा आला तरी चिंता नको. दोन काट्यांमधले अंतर तेवढे पाहायचे. इथे खरा त्रास देतात धूळ आणि रबर. काळ्या मातीच्या रस्त्यांवरची बारीक धूळ स्लाइड झिजवते आणि केबलीत शिरते. मॅनिफोल्डचे रबर उन्हाने कडक होते. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्याला इथेनॉल नवे नाही, पण 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल जुन्या गाड्यांच्या रबरी सीलना आणि ओ-रिंगांना मानवत नाही. ते हवेतला ओलावाही शोषून घेते. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीचे फ्लोट चेंबर (कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची वाटी) म्हणूनच रिकामे करून ठेवावे. नाहीतर एका बाजूचा पायलट जेट (स्लो रेसला पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र) तुंबतो आणि लक्षणे हुबेहूब सिंक बिघडल्यासारखी दिसतात.

1 एप्रिल 2020 पासून धुराच्या प्रदूषणाचे बीएस-6 नियम लागू झाल्यावर बहुतेक नव्या मोटारसायकलींत कार्ब्युरेटरची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली. तरी अनेक सिलिंडरांच्या बऱ्याच गाड्यांत प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र थ्रॉटल असतो, आणि त्यांतून जाणारी हवा त्याच गेजने, त्याच तोट्यांवरून जुळवावी लागते. फरक एवढाच की तिथे बऱ्याचदा थ्रॉटलऐवजी हवेच्या बायपास स्क्रूला हात लावतात. काम झाल्यावर तोट्यांवर रबरी टोप्या घट्ट बसवायच्या. टोपी चिरलेली असेल तर नवीच घालायची.