पोविसच्या सहलीला निघण्यापूर्वी

वेल्सच्या सहलीची चौकशी करायला येणारे बहुतेक जण राजधानी कार्डिफ आणि स्नोडन पर्वत ही दोन नावं घेऊन येतात. आम्ही तुम्हाला नेतो ते या दोन्हींच्या मधल्या मुलखात, पोविस परगण्यात. वेल्सची जवळपास चौथाई जमीन या एका परगण्यात आहे आणि २०२१च्या जनगणनेनुसार वस्ती फक्त १ लाख ३३ हजारांच्या आसपास. कुरणं, मेंढ्या, उघडे डोंगरमाथे आणि दगडी घरांची छोटी बाजारगावं, असा हा प्रदेश आहे. तिकीट काढून बघायची ठिकाणं इथे थोडी आहेत. म्हणून आमचा मुक्काम रायडर या एकाच गावात असतो आणि तिथून रोज एका दिशेला निघायचं. रोज सकाळी बॅगा भरून हॉटेल बदलणाऱ्यांना हा मुलूख दिसत नाही, असं आमचं ठाम मत आहे.

एलान खोरं

रायडरपासून गाडीने काही मिनिटांवर एलान नदीचं खोरं सुरू होतं. सहलीतला सगळ्यात जास्त वेळ आम्ही इथे ठेवला आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बर्मिंगहॅम शहर झपाट्याने वाढत होतं आणि अस्वच्छ पाण्यामुळे तिथे रोगराई पसरत होती. शहराच्या नगरपालिकेने १८९२मध्ये संसदेकडून कायदा करून घेतला आणि एलान आणि क्लायरवेन या नद्यांचं सगळं पाणलोट क्षेत्र ताब्यात घेतलं. अभियंता जेम्स मॅन्सर यांनी दगडी धरणांची साखळी आखली, १८९३मध्ये काम सुरू झालं आणि २१ जुलै १९०४ रोजी सातव्या एडवर्ड राजाने योजनेचं उद्घाटन केलं. इथून बर्मिंगहॅमपर्यंतच्या ११८ किलोमीटरच्या जलवाहिनीत पाणी चढवायला एकही पंप लागत नाही. संपूर्ण वाटेत उतार आहे जेमतेम ५२ मीटरचा, म्हणजे सरासरी २३०० मीटरला एक मीटर. तेवढ्यावर पाणी स्वतःच्या ओढीने वाहतं आणि साधारण दीड दिवसाने शहरात पोचतं. आपलं विमान बर्मिंगहॅमला उतरतं. तिथे नळाला तोंड लावाल ते पाणी बहुतांशी याच खोऱ्यातलं असेल.

त्यासाठी सुमारे शंभर माणसांना घरं सोडावी लागली. शेतवाड्या, शाळा, चर्च, सगळं पाण्याखाली गेलं. भरपाई मिळाली ती जमीनमालकांना. कुळांच्या हाती काही आलं नाही. मुळशी आणि कोयना ठाऊक असलेल्या आपल्या लोकांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आमचा वाटाड्या गारेग धूच्या पुलावर गाडी थांबवतो, तेव्हा इथे काय होतं आणि कोण राहत होतं हेही ऐका. हा पूल एका बुडीत धरणावर उभा आहे. पुढच्या जलाशयाची पातळी कितीही खाली गेली तरी जलवाहिनीच्या तोंडाशी पाणी कमी पडू नये, म्हणून ते धरण बांधलं. शेजारी हिरव्या घुमटाचा बुरूज दिसतो तो फोएल टॉवर. बर्मिंगहॅमचा प्रवाह तिथून सुटतो.

या धरणांना दरवाजे उघडून पाणी सोडताना तुम्हाला दिसणार नाही. जलाशय भरला की पाणी भिंतीच्या माथ्यावरूनच कोसळतं आणि काळा दगड पूर्ण पांढरा होतो. हे बघायचं असेल तर ऑक्टोबर ते मार्चमधली तारीख निवडा. मे-जूनमध्ये भिंती बऱ्याचदा कोरड्या असतात, त्या बदल्यात दिवस रात्री साडेनऊपर्यंत चालतो. धरणांसाठी दगड वाहून आणणारी रेल्वे कधीच उखडली गेली, पण तिची वाट आता रायडरजवळून वरच्या क्रेग गोख धरणापर्यंत पायी आणि सायकलने जाण्यासाठी तयार केली आहे. चढ सौम्य आहे. आजी-आजोबांनी आणि मुलांनी निर्धास्त यावं.

खोऱ्याला २०१५मध्ये आंतरराष्ट्रीय काळोखी आकाश उद्यान म्हणून मान्यता मिळाली. जूनमध्ये मात्र धड काळोखच होत नाही. आकाशगंगा डोळ्यांनी बघायची असेल तर सप्टेंबरनंतरची, अमावास्येच्या आसपासची तुकडी घ्या.

घारी

रायडरच्या कडेला गिग्रिन फार्म आहे. तिथे दुपारी मांसाचे तुकडे टाकले जातात आणि दुभंगलेल्या शेपटीच्या तांबूस घारी शेकड्यांनी उतरतात. आपल्याकडची घार रोज डोक्यावर असते, म्हणून कुणी हा कार्यक्रम वगळायला सांगितला तर आम्ही नको म्हणतो. ब्रिटनमध्ये हा पक्षी मारून मारून संपवला गेला होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोजक्या जोड्या उरल्या, त्या फक्त मध्य वेल्सच्या या डोंगरांत. शेतकऱ्यांनी आणि पक्षीमित्रांनी पिढ्यान्‌पिढ्या घरटी राखली, म्हणून आज हे दृश्य दिसतं.

हे-ऑन-वाय

भिलारला गेला असाल तर या गावाचं नाव कानावर आलं असेल. २०१७मध्ये महाराष्ट्र शासनाने भिलार हे पुस्तकांचं गाव केलं, त्यामागची प्रेरणा हेच. वाय नदीकाठचं, इंग्लंडच्या सीमेला टेकलेलं हे छोटं गाव. रिचर्ड बूथ यांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला इथे जुन्या पुस्तकांचं दुकान काढलं, मग आणखी दुकानं आली आणि १ एप्रिल १९७७ रोजी बूथ यांनी हे गाव स्वतंत्र राज्य असल्याचं जाहीर करून स्वतःला राजा म्हणवून घेतलं. त्या दिवसानंतर गावाचं नाव जगभर गेलं. १९८८पासून मेअखेरीस इथे साहित्य महोत्सव भरतो. त्या काळात खोल्या फार आधी संपतात, म्हणून त्या आठवड्यात आम्ही तुकडी नेत नाही. किल्ल्याच्या आवारात उघड्यावर पुस्तकांचे रॅक असतात, त्यांवर दुकानदार नसतो. पुस्तक घ्यायचं आणि पैसे पेटीत टाकायचे. परतीच्या सामानात जागा ठेवूनच या.

पोविसचा किल्ला

उत्तरेला वेल्शपूलजवळ तांबड्या दगडाचा पोविस किल्ला आहे. खालच्या गच्च्या-गच्च्यांची बाग सुंदरच आहे, पण आपल्याला तिथे आधी आत जायचं आहे. रॉबर्ट क्लाइव्हचा मुलगा एडवर्ड याचं लग्न या घराण्यात झालं आणि १७९९मध्ये श्रीरंगपट्टण पडलं तेव्हा तो मद्रासचा गव्हर्नर होता. टिपू सुलतानाच्या छापील कापडाच्या तंबूचे भाग आणि त्याच्या सिंहासनावरचं सोन्याचं वाघाचं शिर या घरात आहे. ब्रिटनमधल्या खासगी वास्तूंत हिंदुस्थानी वस्तूंचा एवढा मोठा साठा क्वचितच सापडतो. घाईने फोटो काढून बाहेर पडू नका. एकेका वस्तूसमोर उभं राहा आणि ती तिथवर कशी पोचली ते वाचा. आम्ही इथे अर्धा दिवस ठेवला आहे तो यासाठी.

त्याच गावातून १९०३ची वाफेची छोटी गाडी सुटते. तिच्या रुळांची रुंदी अडीच फूट, जुन्या बार्शी लाइट रेल्वेएवढीच. बार्शी-पंढरपूर भागातल्या मंडळींनी हा प्रवास जरूर करावा. गाडी सगळ्या दिवशी धावत नसल्याने वेळापत्रक पाहून आम्ही तो दिवस ठरवतो.

पायी फिरताना

खासगी शेतांतून जाणाऱ्या सार्वजनिक पायवाटा हे इथलं मोठं वैभव आहे. पिवळा बाण म्हणजे चालणाऱ्यांची वाट. निळ्या बाणावर घोडे आणि सायकलीही येतात. फाटक जसं असेल तसंच सोडायचं, उघडं असेल तर उघडं आणि बंद असेल तर बंद. मार्च-एप्रिलमध्ये मेंढ्या वितात, तेव्हा कोकरांजवळ जाऊ नका आणि मुलांना त्यांच्यामागे धावू देऊ नका. वासरं बरोबर असलेल्या गाईंना लांबून वळसा घाला. नेच्याच्या झुडपांतून चाललात तर संध्याकाळी पाय तपासा, गोचिड्या असू शकतात.

एलान खोऱ्यात वर्षाला सुमारे १८३० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बारा महिने पडतो. वाऱ्यात छत्री टिकत नाही. टोपीचं जलरोधक जाकीट आणि घोटा सावरणारे बूट हवेतच.

लँड्रिंडॉड गावाहून हार्ट ऑफ वेल्स या रेल्वेमार्गावर एक छोटा रेल्वेप्रवास आहे. दिवसाला गाड्या मोजक्या आणि काही स्थानकं मागणीची; तिथे फलाटावर उभं राहून गाडीला हात करायचा, एसटीला करतो तसा. चुकली तर पुढची काही तासांनी, म्हणून त्या दिवशी वेळ पाळा. डोंगरात बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंज नसते.

जेवणखाण

गावांतली स्वयंपाकघरं रात्री साडेआठच्या सुमारास बंद होतात, त्यामुळे आपलं जेवण सातला. शाकाहारी मंडळींसाठी ग्लॅमॉर्गन सॉसेज चांगलं. नाव सॉसेजचं असलं तरी आत चीज, लीक (कांद्याच्या जातीची भाजी) आणि ब्रेडचा चुरा असतो. वेल्श रॅबिट म्हणजे टोस्टवरचं चीज, पण त्यात वुस्टर सॉस घालतात आणि त्या सॉसमध्ये बहुधा मासळी असते. विचारूनच मागवा. तव्यावरच्या वेल्श केकमध्ये अंडं असतं आणि कधी चरबीही. मांसाहार करणाऱ्यांनी कोकराच्या मटणाचं काउल हे सूप एकदा तरी घ्यावं.

नोंदणी करताना एवढं कळवा: अंडं चालतं का, कांदा-लसूण वर्ज्य आहे का, गुडघ्यांचा त्रास आहे का, आणि धरणाचं पाणी बघायचं आहे की लांब दिवस हवे आहेत. वेल्ससाठी वेगळा व्हिसा लागत नाही, ब्रिटनचा पर्यटक व्हिसा पुरतो. त्याचा अर्ज मात्र तिकिटं काढण्याआधी करा.